फळा

उपकेंद्राच्या दारालगत एक काळा फळा आहे,
शाळेनं टाकून दिलेला, डाव्या कोपऱ्यात तडा.
दर सोमवारी ढोक मॅडम सांगतात, मी लिहितो.
अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे,
एरवी मी झाडतो, सुया मोजतो,
लसीच्या डब्यातला बर्फ बघतो.

पहिल्यांदा लिहिलं : उष्माघातापासून बचाव करा.
त्याखाली सावलीला बकरी बसायची.
माणसं फळ्याला सायकल टेकवून विचारायची,
मॅडम आल्या काय?

वाचायची एकटी पंचफुला खडसे,
जिला वाचता येत नाही.
भाजीची टोपली डोक्यावर, दारात थांबायची :
"काय लिवलं रे आज, सुकदेव?"
मी वाचून दाखवायचो.
मग वांगी-सांभारासोबत माझं वाक्य
चार गल्ल्या फिरून परत यायचं,
जरा वेगळं होऊन.

मी लिहिलं : खिशातल्या कांद्यानं ऊन टळत नाही, पाणी प्या.
तिनं पोचवलं : कांदा बी ठेवा, पाणी बी प्या.
मी लिहिलं : हगवणीत एक लिटर पाणी, सहा चहाचे चमचे साखर,
अर्धा चमचा मीठ.
तिनं जोडलं : चाखून पाहा व माय,
आसवाहून खारट झालं त फेका, दुसरं करा.
मॅडम हसल्या.
मग म्हणाल्या, हेही लिही.

इंगळ्यांच्या पोरानं नाकात तुरीचा दाणा घातला.
घरच्यांनी तेल सोडलं, काडीनं कोरलं,
दाणा फुगत वर वर.
पुढल्या सोमवारी : नाकात काही गेलं तर काडी घालू नका, इकडे आणा.
पंचफुला रागावली,
"पोट्ट्याचं नाव काऊन नाही लिवलं?
नाव असलं की ध्यानात राह्यते."

नाव.
जयमाला डोंगरे, वय सव्वीस.
मे महिना, पत्र्याचं घर, पाचचा नळ नुकताच आलेला.
कूलर चालू ठेवूनच ती पाणी ओतत होती,
कारण आत बाळ निजलं होतं
आणि पंखा थांबला की ते उठतं.
ओल्या ओट्यावर, अनवाणी.
मॅडम छाती दाबत राहिल्या.
मला फक्त मोजायला सांगितलं होतं,
तीसपर्यंत, आणि परत एकपासून.
खूपदा एकपासून.
तर्जनीच्या टोकाला तिळाएवढा डाग,
बाकी अंगावर कुठं काही नाही.

त्या सोमवारी मॅडम काही सांगेनात.
मी ओल्या फडक्यानं फळा पुसला, दोनदा,
आणि खडू घेऊन उभा राहिलो.
साप लिहिला होता आम्ही, विंचू लिहिला होता,
शीतपेयाच्या बाटलीत फवारणीचं औषध ठेवू नका, हेही.
कूलर कधीच नाही.
कूलर तर घरचाच. मॅडमच्या घरी, माझ्या घरी.
मीही तसाच भरायचो.

पंचफुलानं टोपली उतरवली.
"काय लिवलं?"
काही नाही.
"मंग लिव. पिन काढा."
एवढंच?
"एवढंच. मोठं लिव. मले दिसलं पाह्यजे."

दोन शब्द, फळाभर.
ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली,
बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत.

आता नळ आला की ती निघते,
टोपलीत विकायला काही नसलं तरी.
"पिन काढली काय व?"
"काढली, बाई."
पुढचं दार.
"काढली काय रे?"
कोणी आतून नुसतंच हो म्हणालं
तर आवाज थांबेपर्यंत उभी राहते.
डोंगरेंच्या दारात विचारत नाही.
ओट्यावर सांभाराची एक जुडी ठेवते
आणि पुढं जाते.

मग माझी खिडकी.
"सुकदेव, तुह्या कूलरचा आवाज चालूच हाय."

मी बकेट खाली ठेवतो.