आभार

चूक सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
नोएमियाबाईंचा अकरा वर्षांपूर्वीचा निबंध.
जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरं,
त्या बदलाला त्यांनी घातक ठरवलं होतं.
आता तोच बदल
ठणठणीत म्हाताऱ्यांच्या रक्तात
सुखाने नांदताना दिसत होता,
एक नाही, शेकड्यांनी.

सकाळी कागद त्यांच्यापुढे सरकवला
आणि नोकरी गेली असं धरून चालले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं.
"बरोबर आहे तुझं. दुरुस्तीचं पत्र तूच लिही,
आधी तुझं नाव, मग माझं."
आणि दारापर्यंत गेल्यावर,
"गुरुवारी मोकळी आहेस ना?"

पोर्तो अलेग्रेहून चार तासांची बस.
कुरणं, गुरं, पुन्हा कुरणं.
बाईंच्या मांडीवर एका घराची वंशावळ:
चौकोन पुरुषाचा, वर्तुळ बाईचं,
गेलेल्यावर तिरकी रेघ.
वाटेत काही शिकवलं नाही त्यांनी.
एवढंच म्हणाल्या, पेन्सिलनेच काढत जा,
शाई फार लवकर खरी वाटायला लागते.

दोना झुल्मिरा अंगणातच होत्या.
ऐन चाळिशीत, त्या एका अक्षरापायी
दोन्ही स्तन काढून घेतलेल्या.
बाईंनी प्रस्तावना केली नाही.
"मी चुकले होते."
मग लेकीचं. तिने या भीतीपोटी
काही कापून घ्यायचं नाही, म्हणाल्या.

एक कोंबडी आमच्या पायांतून गेली.

दोना झुल्मिरांनी किटली उचलली,
मातेच्या पानांवर पाणी ओतलं,
तुंबा बाईंच्या हातात दिला. मग माझ्या.
कडू, हिरवं, जिभेला चटका.
मी घाबरून म्हणाले, आभारी आहे.
त्यानंतर तुंबा माझ्याकडे आलाच नाही.
मी उत्तरेकडची, मला रीत ठाऊक नव्हती:
इथे आभार मानले म्हणजे
पुरे झालं, आता निघते.

बाईंनी आभार मानले नाहीत.
पीत राहिल्या, ऐकत राहिल्या,
नदीवर पोहणं सुटलं ते,
शिंपिणीला काय सांगितलं ते,
नवरा पहिल्या रात्री काय बोलला
आणि काय बोलला नाही ते.
शेवटची बस हॉर्न वाजवून गेली.
पानांतला कडूपणा केव्हाच धुऊन गेला होता,
नळीतून नुसतं कोमट पाणी येत असणार.
बाईंनी तुंबा परत केला,
पुन्हा भरून घेण्यासाठी.