संशयाचा फासा

शनिवारी साडेसातला, ऐरोलीत, सेक्टर आठला,
तिसऱ्या मजल्यावर मी एक शहर उघडतो.
शनीच्याच एका चंद्रावरचं.
तिथे भिंतींना नुसते कान नाहीत,
आठवणही आहे.
दारं तळवे वाचतात, जिने वजन मोजतात,
श्वासाची वाफ कुणाच्या तरी नावावर जमा होते.
हे सगळं पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने.
कॅमेऱ्यांच्या जागी हरभरे.

लोकेश म्हात्रे तस्कर आहे.
अल्ताफने आपली अर्धी स्मृती विकलेली आहे.
प्रणोती निरोप्या.
नियम सोपा: चुकलात की संशय एकाने वाढतो,
सहावर ते येतात.
काळा फासा माझ्याकडे.

लोकेशला दर वेळी स्फोट हवा असतो.
अल्ताफ म्हणाला, सगळी यंत्रं बंद करू, अंधारातून जाऊ.

प्रणोती भेळेच्या कागदाची घडी घालत होती.
"बंद नाही करायचं.
बंद पडलेलंच आधी दिसतं.
चालू ठेवायचं,
आणि ठेवून यायचं, जिथे आपण असायला हवं तिथे."

मग?

"मग परत जाताना मान ओली हवी.
कुणी विचारायच्या आत एखादी बारीक तक्रार करायची.
गुडघा दुखला, आज बाई नवीन होत्या.
खोटं थोडं कंटाळवाणं असावं,
म्हणजे कुणी पूर्ण ऐकत नाही."

"शनीच्या चंद्रावर कुठल्या बाई?" अल्ताफ.

"असतील की," ती म्हणाली.
लोकेश हसला.
मी फासा टाकायचाच राहिलो.

चार महिन्यांत तिचा फोन या टेबलावर
मी एकदाही पाहिलेला नाही.
येते ती ट्रॅक पँटमध्ये,
दिवा नाक्याच्या झुंबा क्लासचा टी-शर्ट घालून.
मोहीम कुठेही अडकलेली असो, आठ पन्नासला उठते,
बेसिनपाशी जाऊन मान भिजवते.
आम्हाला वाटायचं, उकडतंय.
आणि गेटवरचा टॅब, जो कुरियरवाल्याचाही फोटो काढतो,
ती येते तेव्हा नेमका चार्जिंगला असतो.
जोखनकाका वर बघत नाहीत, तंबाखू मळत राहतात.

मी काही विचारलं नाही.
विचारलं की नोंद होते.

पुढच्या शनिवारी मी नकाशात एक बोळ वाढवला,
दोन गोदामांच्या मधून, बिनहरभऱ्याचा.
लोकेश उसळलाच:
एक वीत जागा सुटलेली नाही असं तूच म्हणाला होतास ना!
दुरुस्ती चालू आहे, मी म्हणालो.

प्रणोतीने आपली सोंगटी उचलली
(ती सोंगटी म्हणजे शर्टाचं निळं बटण),
बोळाच्या तोंडाशी नेली,
आणि आत न सरकवता तिथेच बोट ठेवून बसली.
"मोकळा आहे," ती म्हणाली.
"पण कुणी मोकळा ठेवला, ते आधी कळायला हवं."

माझ्याकडे बघितलं नाही तिने.
मी मुठीतला फासा खिशात टाकला.

आठ पन्नास.
बेसिनचा नळ सुटला.