दहा बाय आठ

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे माझं फ्लेक्सचं दुकान,
गाव तिथून चार किलोमीटर.
वाढदिवस, तेरवी, नवसाचा भंडारा,
आणि दर पाच वर्षांनी ग्रामपंचायत.

यंदा एकाच पॅनलमध्ये दोन इच्छुक:
शालिक भोयर, राईस मिलवाला,
आणि वंदना नन्नावरे, बचत गटाची.
गुरुवारी मिलच्या पटांगणात हात वर करून ठरायचं होतं
पॅनलचा टिळा कुणाच्या कपाळी.
खरी निवडणूक त्यानंतर.

शालिकनं पहिलाच फ्लेक्स सांगितला दहा बाय आठ.
वर ‘जाहीर पाठिंबा’, खाली गोल गोल चेहरे:
लोणारे गुरुजी,
सोसायटीचे माजी अध्यक्ष,
तालुक्याचा एक ठेकेदार, काळ्या चष्म्यासकट.
“ठेकेदार मोठा कर,” म्हणाला.
केला.
माउस जरा ओढला की माणूस मोठा होतो.

फ्लेक्स लागला त्या दिवशी
मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं मांडून पाहिलं.
गुरुजींमुळे आली दोन घरं, दोन्ही गुरुजींचीच.
अध्यक्षांमुळे एक आलं, एक गेलं.
ठेकेदारामुळे आख्खी टोली गेली.
त्यानं बांधलेल्या नालीचा उतार उलटा,
मागच्या पावसाळ्यात तिथल्या कोंबड्या वाहून गेल्या होत्या.
लोकांनी चष्मा पाहिला
आणि त्यांना कोंबड्या आठवल्या.

वंदनाकडे पैसे तीन बाय दोनचे.
त्यात ती एकटीच, आधार कार्डावर असते तशी.

मग मंगळवारी, गेडामच्या टपरीवर,
कवडू सयाम, रिटायर लाईनमन,
बशीत चहा ओतता ओतता बोलून गेले:
“वंदनाबाई टॉर्च धरून उभी ऱ्हायली होती ना, खांबाखाली.”

एवढंच.
कोणती रात्र, कोणता खांब,
हे आमच्या गावाला सांगावं लागत नाही.
सहा रात्री अंधार, सातव्या रात्री हा माणूस वर,
भर पाण्यात,
आणि खाली कुणीतरी उजेड धरून.

वाक्य त्यांनी अर्धं सोडलं, गावानं पुरं केलं.
दुपारी बांधीवर ते ‘काका तिच्याकडून हायेत’ झालं,
संध्याकाळी हातपंपावर ‘काकानं शब्द देल्ला’,
आणि रात्री शालिकच्या सख्ख्या भावजयीनं
माझ्या बायकोला हळूच विचारलं,
“तुमचं कोनाकडे? काकाचं तं म्हनतात…”

दुसऱ्या दिवशी वंदना उसने पैसे घेऊन आली.
“दहा बाय आठ. काकांचा फोटो टाका, मोठा.”
मी मोबाईल घेऊन काकांकडे गेलो.
ते सायकलची चेन बसवत होते, हात काळेकुट्ट.
“छापू नको बाप्पा,” म्हणाले.
“आज लोकं म्हनतात, काका म्हनते.
उद्या म्हनतीन, काकाले केवढे भेटले?”

गेले माझे अकराशे रुपये.

गुरुवारी पटांगणात कोंड्याचा वास.
शालिकचं नाव घेतलं, एकवीस हात.
ठेकेदाराच्या माणसानं दोनदा मोजले, एकवीसच.
वंदनाचं नाव घेतलं
तर आधी कुणी हललंच नाही.
सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

काका भिंतीला टेकून वर पाहत होते.
मिलवरून गेलेली एक तार तिथं लोंबत होती.
त्यांचा हात वर गेला.
मग आमचे.

माझाही गेला. खोटं कशाला बोलू,
मीही आधी तिकडेच पाहिलं होतं.

तो हात मताचा होता
की तार दाखवायला उचललेला,
हे आजवर कुणी विचारलं नाही.
वंदना सरपंच झाली.
शालिकचा फ्लेक्स त्याच्याच धानाच्या पुंजण्यावर आहे,
ठेकेदार आतल्या बाजूला.

तार अजून लोंबते.