येतो का बे

चार वाजून दहा मिनिटांनी
उशीखाली फोन थरथरतो.
"येतो का बे?"
अंबादास बुर्ला. एवढंच.
मी म्हणतो, बघतो.
तो म्हणतो, बघ.
आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.
त्याच्याकडे चहा उकळतोय, ऐकू येतं.

परवापर्यंत पंखा होता.
काल दिवेलागणीला वारा फिरला,
अक्कलकोट रोडकडून कोरडा आला
आणि अख्ख्या पेठेनं एका रात्रीत
ट्रंकेतले स्वेटर काढले, डांबरगोळ्यांच्या वासासकट.
माझा जन्म गेला चादरी विणण्यात.
अंगावर आहे ती कडेचा धागा सुटलेली,
तपासणीत बाजूला पडलेली,
मोराच्या जागी कोंबडी दिसते म्हणून.
तिच्यातून पाय बाहेर काढून बघतो.
परत आत घेतो.

गळ खुंटीला आहे.
गांडुळं डब्यात, नळाखालची ओल उकरून काढलेली.
लता म्हणाली, फ्रीजमध्ये ठेवलीस तर
मी माहेरी निघून जाईन.
माहेर विजापूर वेशीत,
चालत वीस मिनिटं.
तरी मी डबा बाहेरच ठेवला.

आता हिशेब असा:
थंडी पडली की मरळ तळ गाठते,
गाळाला पोट टेकवून पडून राहते.
आषाढात जी बेडकावर तुटून पडायची
ती नाकापुढून गांडूळ गेलं तरी
बघेल, नाही बघेल.
गेल्या वर्षी याच दिवसांत
हिप्परग्याच्या बांधावर पाच ते अकरा बसलो,
मिळाली एक चिलापी, तळहाताएवढी,
तीही अंबादासनं सोडून दिली,
म्हणाला, हिला कशाला घरी न्यायचं, ही काय पुरणार.
त्याचा गुडघा आठवडाभर सुजलेला.
दगड असे गार होते, की बसलेलं कळायचं,
उठलेलं नाही.

पण तुळजाराम भोई सांगायचा,
मरळीला नुसत्या पाण्यात भागत नाही.
श्वास घ्यायला वर यावंच लागतं तिला.
थंडीत कमी येते.
येते.
एक बुडबुडा, एक वळसा, की खलास.
त्यासाठी बघत बसायचं.

"आहेस ना बे?"
आहे.

दिवाळीनंतर त्याचे चार माग भंगारात गेले,
किलोच्या भावानं.
टेम्पोत चढवताना मी एका बाजूला धरलं होतं.
तेव्हापासून याला चारलाच जाग येते.
आधी खडखडाटात झोपायचा, म्हणतो,
आता बाजूच्या घरातलं घड्याळसुद्धा ऐकू येतं.
हे त्यानं एकदाच सांगितलं,
तेही गळाला गाठ मारताना, खाली बघून.
मीही गाठीकडेच बघितलं.

"दहाला निघू," मी म्हणतो.
"ऊन पाण्यात उतरू दे. मग वर येईल ती."
"दहाला?"
"आता झोपलीय ती."
"तुला काय माहीत बे?"
काय सांगणार. मीच झोपलेलो नाही.
"बरं, दहा," म्हणतो तो,
आणि या वेळी फोन ठेवतो.

मी चादर डोक्यावर घेतो.
आतून कोंबडी उलटी दिसते.
जमेल तेवढा वेळ पडून राहतो, मग
डबा उघडून बघतो:
सगळी तळाला गेलीत,
एकमेकांत गुंतून एक गोळा झालेली.
डबा गॅसच्या शेजारी सरकवतो.
लता उठायला अजून तास आहे.

पाचला गल्लीत लुना फटफटते.
बंद होते. पुन्हा सुरू होते. बंद होते.
दार उघडतो तर कानटोपी,
हातात थर्मास, पिशवीत
कडक भाकरी नि शेंगाचटणी, दोघांपुरती.
"दहा म्हणालो होतो ना."
"हो की," तो पायरीवर बसतो,
दुखरा पाय लांब करून.
"म्हणून तर लवकर आलो.
दहापर्यंत ठरवू, जायचं की नाही."

मी आत जाऊन
दुसरी चादर शोधतो.