कानामागची जागा

चाळीस वर्षं माझं पेन डाव्या कानावर असतं.
मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत,
सौदा सुरू व्हायच्या आधी हात तिथं जातो,
जसा कुणाचा तंबाखूच्या पिशवीकडं.

त्या सोमवारी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
नेमकी तीच जागा मागितली.
"रंग थेट डोक्याला नको.
आधी कानामागं, रुपयाएवढा लावा,
अठ्ठेचाळीस तास बघा.
आग झाली, चट्टा उठला, तर विषय संपला."
पोरीच्या वयाची बाई.
भिंगातनं गाल बघितले, नाक बघितलं,
म्हणाली, "रोझेशिया. त्वचा नाजूक आहे तुमची."
पोती मोजण्यात जन्म गेला माझा.
माझ्यातलं काही नाजूक आहे
असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

दिवेलागणीआधी जेवणारा मी,
कांद्याला न शिवणारा,
आणि यार्डात नवा व्यापारी आला
की माझ्या नाकाकडं बघून
शेजारच्याला हळूच विचारणार,
सकाळी सकाळीच?
उन्हात उभा राहिलो, चढतं.
कपभर चहा घेतला, चढतं.
समोरच्यानं आवाज चढवला तरी चढतं,
आयर्विन पुलाखाली पाणी चढावं तसं
फुटाफुटानं, दोन्ही काठांवर.

मागं एकदा, धाकट्या भावाच्या लग्नात,
पानपट्टीवरची दहा रुपयांची काळी पुडी
वाटीत कालवून लावली होती.
पहाटेपर्यंत डोळे गालात गेले.
अल्बममध्ये मी पाठमोरा आहे,
अक्षता टाकणारा एक हात.

मग आता कशाला, असं त्रिशलानं विचारलं नाही.
दहावीच्या बॅचचा मेळावा, हरिपूर रोडला,
एवढं तिला ठाऊक होतं.
यादीत कोण कोण येणार, तेही.

दोन दिवस पेन उजव्या कानावर.
दोन दिवस बेरजा चुकल्या,
एकदा अकरा पोती जास्त,
एकदा अख्खं शून्यच गायब.
रात्री एकाच कुशीवर.
अंधारात बोट लावून बघायचो,
गरम लागतंय काय.
"झोपा की," ती म्हणायची,
"चिवडून चिवडूनच लाल कराल."

तिसऱ्या दिवशी जागा होती तशीच. गव्हाळ, मुकी.
मग तिनं मला मोरीपाशी पाटावर बसवलं,
जुनं धोतर खांद्यावर टाकलं,
आणि कपाळाच्या कडेनं, कानाच्या पाळीवरनं
व्हॅसलीनचा बांध घातला.
ती जतकडची. थेंब कुठं अडवायचा तिला कळतं.
जुन्या टूथब्रशनं
मुळापासून बोटभर सोडून
एक एक बट.
बोलली नाही काही. श्वास कपाळावर येत होता
आणि मला चढत होतं.
"झोंबतंय?"
नाही म्हणालो.
"मग?"
मग काही नाही.
गार पाण्यानं धुतलं तिनं, गरम नको म्हणून,
आणि माझेच केस हुंगून नाक मुरडलं.

मेळाव्यात सगळी डोकी काळी कुळकुळीत.
कोण कुणाचा पत्ता लागेना.
नाव सांगावं, बापाचं दुकान सांगावं,
कुठल्या बाकावर बसायचो ते सांगावं,
तेव्हा कुठं ओळख पटायची.
मी दारात चप्पल काढतोय तोवर
आतनं कुणीतरी ओरडलं,
"ए टमाट्या!"
इंदुमती कुंभोजे होती ती.
केसांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पेन डाव्या कानावर परत.
बांध एके ठिकाणी फुटला असावा,
पाळीमागं तपकिरी ओघळ राहिला होता.
त्रिशलाला दिसला नसेल असं नाही.
काटा मारता मारता हणमा तोलार म्हणाला,
"अण्णा, पेन बदला. शाई गळतीया."