सुटे मणी

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी फक्त चुका पाहिल्या.
छापलेला ताव समोर यायचा
आणि मी शोधायचो
शाई कुठे फुटली, रेघ कुठे केसभर सरकली.
बरोबर आलेल्या तावाकडे
कधी नीट पाहिलंच नाही.
ते माझं काम नव्हतं.

संध्याकाळी गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशांनी बाहेर पडायचो.
डोळ्यांची झडती मात्र कोणी घेतली नाही.
ते तसेच यायचे घरी, जेलरोडला,
दोन खोल्यांत पुन्हा ड्यूटीवर.

कपाचा टवका.
गॅलरीतून दिसणारा शेजारच्यांचा जिना.
गांगुर्डेने पाथर्डी फाट्याला प्लॉट घेतला,
त्याचा आजचा भाव मला तोंडपाठ,
मी तो घेतला नव्हता म्हणून.
मृण्मयीनं पहिलीत घराचं चित्र काढलं,
मी म्हणालो, डावीकडे कौलं कमी आहेत.

कौसल्या फेब्रुवारीत सुटे मणी आणायची.
घडातून गळालेले, बिटकोच्या गाडीवरचे,
निम्म्या भावात.
घड आणावा गं, मी म्हणायचो.
ती म्हणायची, पोटात गेल्यावर
कुठे राहतो घड?
आणि वर तिचा तो एक शब्द, पुरेल.
आमटीत पाणी वाढवताना, पाहुणे वाढताना,
माझा पगार हातात घेताना. पुरेल.
मला तो हार मानल्यासारखा ऐकू यायचा.

यंदा ती साताऱ्याला, मृण्मयीच्या बाळंतपणाला.
मी एकटा. थंडी अजून हटलेली नाही,
सकाळी नळाचं पाणी बोटं चावतं.
परवा बिटकोवर गेलो, घडांसमोर उभा राहिलो,
आणि का कोण जाणे,
किलोभर मणीच घेऊन आलो.

परातीत धुतले. दिव्याखाली बसलो.
हात आपोआप चालू झाले:
चिरलेला, बाजूला. मऊ पडलेला, बाजूला.
डाग. बाजूला.
संपलं तेव्हा बाजूला होते सात.
मी ते सात पाहत बसलो,
सवयीनं, रिपोर्ट लिहायचा असल्यासारखा.
मग मान जरा वळली
आणि परात दिसली.

काठोकाठ. हिरवीगार.
पाण्याचे थेंब अजून अंगावर.
ही इतका वेळ इथेच होती?

मांडी सुन्न होईपर्यंत बसून होतो.
मग आधी ते सातच खाल्ले.
मऊ पडलेला सगळ्यात गोड होता.

रात्री तिचा फोन. बाळाची शी, बाळाची झोप,
मृण्मयीला दूध पुरतंय.
मग म्हणाली, जेवलात का?
मणी आणलेत, मी म्हणालो.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग हळूच, हसू दाबत,
खराब किती निघाले?

मोजले नाहीत, म्हणालो.

सात होते.