सांधणी

संक्रांतीला आमच्या नागपुरात उड्डाणपूल बंद असतात,
म्हणून खालच्या रस्त्यानं निघालो,
चौघं, दोन गाड्यांवर,
प्रत्येकाच्या गळ्याला मफलर,
किमयाच्या गळ्याला दोन.
थंडीसाठी नाहीत, हे तिला सांगावं लागलं नाही.
बाबाजी माझ्या मागे, एक हात खांद्यावर,
मांडीत चक्री, खिशात बोरं.

मानकापूरच्या मैदानावर बाहेरगावचे पतंग आलेले:
एक अख्खा मासा,
एक आठ पायांचं काहीतरी,
दोरखंडानं जीपला बांधलेलं.
बाबाजींनी मान मोडेस्तोवर वर पाहिलं.
"हा काही पतंग नाही," म्हणाले, "हा तं मांडव होय.
लग्न कोणाचं हाय?"

होमेश तर्री-पोह्याच्या रांगेत.
किमयाचा पतंग चढला, लाल,
एकदा गोता खाऊन, दुसऱ्यांदा रुसून,
मग कुणीतरी वरून उचलून घेतल्यासारखा.
"ढील दे, ढील दे," बाबाजी म्हणतायत
तोच चारी बाजूंनी
ओ काऽऽट!
कुठल्या पोट्ट्यानं काटला, कळलंही नाही.
लाल ठिपका गोधनीकडे, रेल्वेलाइनीच्या पार.

उरली ती सद्दी, गवतात, तीन तुकडे.
किमया रडली नाही.
तिनं तुकडे आजोबांसमोर धरले,
जसं कुणी दवाखान्यात
न बोलता हात पुढं करतं.

गोळीबार चौकातल्या घरी आमचा माग होता.
मी सहा वर्षांची असेन, तेव्हा तो गेला.
त्याच्या खड्ड्यात पुढं सिलिंडर ठेवायची आई.
पण एवढं आठवतं:
तार तुटली की धोटा थांबायचा,
दोन टोकं चिमटीत, जराशी थुंकी,
अन् बोटांच्या आत काहीतरी व्हायचं
जे मला कधीच दिसलं नाही.
हात उघडला की धागा एक.
गाठ इतकी बारीक
की फणीलासुद्धा पत्ता नाही.

आजही दिसलं नाही.
मी अगदी जवळ बसले होते.

मग एक पोरगा आला. "बाबाजी, माह्यं बी."
मग त्याची बहीण. मग कुणी चार अनोळखी.
वर गाणी, भोंगे, काट काट काट,
खाली सतरंजीच्या कोपऱ्यावर
एक म्हातारा टोकं चाटत बसलेला.
पोहे थंड झाले. तर्रीवर साय धरली.
होमेश म्हणाला, "अहो, जेवता का नाही?"
"आलो ना बा," म्हणाले. आले नाहीत.

पिवळ्या स्वेटरवाल्यानं आणली ती तार वेगळी होती,
हिरवट, चकाकणारी.
बाबाजींनी तीनदा गाठ मारली,
तीनदा ती सुळकन सुटली.
उजेडात धरून पाहिलं,
अंगठ्यावरून फिरवलं, अंगठा लाल झाला.
"याले पीळच नाही बे," ते म्हणाले,
रागानं नाही, कीव आल्यासारखे.
"पीळ नाही तं गाठ
कोणाच्या भरोशावर बसन?"

ती तार त्यांनी पंजाभोवती गुंडाळली,
खिशात टाकली, बोरांच्या सोबत,
अन् पोराच्या हातात
आमची चक्री दिली. अख्खी.

"माझी होती," किमया म्हणाली.
फार मोठ्यानं नाही.
परतीच्या वाटेवर ती होमेशच्या गाडीवर बसली.

रात्री बाबाजींनी कात्री मागितली.
हिरव्या तारेचे बोटभर तुकडे करत बसले,
एकेक तुकडा मोरावळ्याच्या जुन्या बरणीत,
झाकण घट्ट.
थोड्या वेळानं किमया उठून आली,
शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन.
स्वतःच तोडला. टोकं चिमटीत धरली.
डोळे बारीक, जीभ बाहेर,
बराच वेळ.

हात उघडला.
दोन टोकं.

"थुंकी कमी पडली," बाबाजी म्हणाले,
मान वर न करता.